नगरचा कृष्ण

नगरहून पुण्यास येण्याच्या जुन्या वाटा दोन. मोटारीने आलात तर शिरूरला घोडनदी ओलांडायची, आणि आगगाडीने आलात तर दौंड जंक्शन गाठायचे. या वाटांच्या पलीकडल्या टोकाला, नगरमध्ये, २५ एप्रिल १९१८ रोजी एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात शाहू मोडक जन्मले. आणि पुण्याच्या सिनेसृष्टीत येऊन हा मुलगा झाला कोण? तर गोकुळीचा कृष्ण!

साल १९३२. मराठी बोलपटाला नुकता कंठ फुटला होता. पार्श्वगायनाची सोय अजून आली नव्हती. पडद्यावर तोंड ज्याचे, गळाही त्याचाच. दादासाहेब तोरण्यांच्या सरस्वती सिनेटोनचा ‘श्यामसुंदर’ भालजी पेंढारकरांनी दिग्दर्शित केला. त्यात चौदा वर्षांचा शाहू कृष्ण होता, तर शांता आपटे राधा. दोघांचाही तो पहिलाच बोलपट. मुंबईत त्याने रौप्यमहोत्सव गाठला. कृष्ण ख्रिस्ती घरातला आहे म्हणून प्रेक्षकांचे हात जोडायचे काही राहिले नाहीत.

पण वाचकहो, बालनटाचे दैव मोठे लहरी. मिसरूड फुटते, आवाज फुटतो आणि कालचा लाडका बाळकृष्ण आज कोणाच्या खिजगणतीत नसतो. मोडकांचे तसे झाले नाही. १९३३ मध्ये ‘औट घटकेचा राजा’त त्यांनी दुहेरी भूमिका केली. १९३९ मध्ये शांतारामबापूंनी ‘माणूस’मध्ये त्यांच्या डोक्यावरचा मोरमुकुट उतरवून पोलिसाची टोपी चढवली. वेश्येवर जीव जडलेला साधाभोळा गणपत शिपाई! देवाची भूमिका गाजवलेल्या नटाने हे धाडस करावे, यातच त्याची जिद्द दिसते.

लगेच १९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’ आला. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशाला, म्हणजे मोडकांच्याच नगर जिल्ह्यात. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. म्हणजे एक हिंदू, दुसरा मुसलमान, नट ख्रिस्ती, आणि भूमिका वारकऱ्यांच्या माउलीची! माउलींनी समाधी घेतली, जवळजवळ त्याच वयाचा हा नट होता.

मोडक १९९३ मध्ये गेले. आपल्या गोड गळ्याच्या लेकराला उद्याच पडद्यावर पाहू इच्छिणाऱ्या आईबापांनी त्यांचा हिशेब ध्यानात ठेवावा. देव व्हायला त्यांना एकच चित्रपट पुरला. ‘माणूस’ व्हायला मात्र पुढली सात वर्षे लागली.