विश्लेषण : ‘तरुण’ लाव्हाचे वय कसे ओळखतात?

दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे, हे त्यातील पोटॅशियमपासून बनलेल्या आर्गॉन वायूवरून कळते. पण काही हजार वर्षांपूर्वीच थिजलेल्या लाव्हाचे काय? किरणोत्सारी पोटॅशियम निम्मे होण्यास १२५ कोटी वर्षे लागतात. एवढ्या अल्पावधीत मोजण्याजोगा आर्गॉन क्वचितच साठतो. कार्बन-१४ वापरावा, तर लाव्हाखाली जळालेले लाकूड सापडायला हवे.

अशा वेळी वैश्विक किरण उपयोगी पडतात. त्यांच्यामुळे वातावरणात निर्माण झालेले वेगवान न्यूट्रॉन खडकातील अणुकेंद्रे फोडतात आणि हेलियम-३, क्लोरिन-३६ अशी समस्थानिके तयार होतात. लाव्हा थिजून उघड्यावर राहिला की हे घड्याळ सुरू होते. हवाई बेटांवरील हालेआकाला ज्वालामुखीच्या खडकांत असे हेलियम-३ असल्याचे १९८६मध्ये दाखवण्यात आले.

मात्र खडकावर राख साचली किंवा पृष्ठभाग झिजला, तर तो खऱ्या वयापेक्षा तरुण भासतो. म्हणून नमुना कुठून घेतला, हे प्रयोगशाळेतील यंत्राइतकेच महत्त्वाचे.

शांत दिसणारा ज्वालामुखी मृत आहे की निद्रिस्त, याचा अंदाज जुन्या उद्रेकांच्या तारखांवरूनच बांधता येतो. हालेआकाला आज शांत आहे. पण गेल्या हजार वर्षांत तो किमान दहा वेळा जागा झाला. ज्वालामुखीच्या उतारावर घरांना परवानगी देण्याआधी हा हिशेब प्रशासनासमोर असायलाच हवा.