वाडीला पावसाळी वेळापत्रक हवं

पावसाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रात एक बातमी दरसाल उगवते: ‘दरडप्रवण गावांना स्थलांतराच्या नोटिसा’. नोटिशीचा मजकूरही बहुतेक ठरलेला. आपले घर धोक्याच्या जागी आहे, अतिवृष्टीच्या काळात आपण स्वतःहून सुरक्षित स्थळी जावे, न गेल्यास होणाऱ्या हानीस प्रशासन जबाबदार राहणार नाही. सुरक्षित स्थळ कुठलं, तिथे किती रात्री काढायच्या, म्हैस कुठे बांधायची, चूल कुठे मांडायची, याचा त्या कागदावर पत्ता नसतो. शेवटचं वाक्य मात्र न चुकता असतं आणि माझं डोकं फिरतं ते त्याच वाक्याने. दरड कोसळायच्या आधीच सरकारने आपला जबाब नोंदवून ठेवलेला असतो. मुदखेडसारख्या सपाट मुलखात बसून दरडींवर लिहिणाऱ्याला ‘तुमच्याकडे ढेकूळ तरी घरंगळतं का?’ असं कोणी विचारलं तर ते रास्तच आहे. त्याचं उत्तर मराठवाड्यापाशी आहे आणि ते पुढे येईलच.

आधी जे घडलं ते थोडक्यात. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव गाडलं गेलं आणि दीडशेवर माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाडचं तळिये गेलं, तिथे ऐंशीहून अधिक मृत्यू झाले. त्याच दोन दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव, खेड तालुक्यात पोसरे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. तिथे २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता म्हणून नोंदली गेली आणि चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. कारणांत फारसं गूढ नाही. सह्याद्री काळ्या कातळाचा, कातळावर झिजलेला मुरूम आणि माती. दिवसेंदिवस पाऊस झाला की माती पाण्याने तट्ट फुगते, खालचा कातळ पाणी पुढे जाऊ देत नाही आणि एका क्षणी वरचा थर झाडाझुडपांसकट उतरू लागतो. उतार खणला, पाण्याची वाट बुजवली, वरची झाडं तोडली, तर हा क्षण लवकर येतो. २०२१ च्या त्या एका दिवसात महाबळेश्वरला ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. नांदेडला वर्षभरात नऊशेच्या आसपास पडतो.

आता त्या यादीकडे वळू. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. जणू यादीत नसलेल्या गावावर कोसळून दरडीनेच नियम मोडला होता. यादी करणं चूक नाही. भूवैज्ञानिकांनी उतार, माती, पाण्याचे झरे पाहून नकाशे केले आहेत आणि ते हवेतच. इस्रोच्या हैदराबादच्या केंद्राने २०२३ मध्ये देशभरातल्या भूस्खलनांचा नकाशासंग्रहही काढला. घोळ होतो तो नकाशा तहसील कचेरीत पोचल्यावर. भूवैज्ञानिकाच्या लेखी ‘इथे शक्यता जास्त’ एवढाच ज्याचा अर्थ, त्याचा कचेरीत ‘इथेच होणार, बाकी ठिकाणी नाही’ असा अर्थ होतो. यादीतल्या गावाला नोटीस मिळते आणि यादीबाहेरच्या गावाला न मागता अभय मिळतं. हे मराठवाड्याइतकं महाग पडून कोणी शिकलेलं नसेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारीचा परिसर देशाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. वर्षभर आधी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, त्याच भागाला धक्के बसले होते. लोक घाबरले होते. पण नकाशात धोका नव्हता, म्हणून कागदोपत्रीही नव्हता. सुमारे दहा हजार माणसं गेल्यानंतर, २००२ मध्ये नकाशा सुधारला आणि तो ‘सर्वांत सुरक्षित’ पट्टाच काढून टाकला. सपाटीवरच्या माणसाने दरडींबद्दल का बोलावं, याचं उत्तर हे. यादीत नसणं म्हणजे काय, ते आम्ही पाहिलं आहे.

यादीने भागत नसेल तर मग करायचं काय? इथे गाडी रेल्वेकडे वळते आणि या सदराच्या वाचकांना त्याचं नवल वाटू नये. ज्या गावातून एक फाटा निजामाबादकडे आणि दुसरा किनवटमार्गे आदिलाबादकडे जातो, तिथल्या लिहिणाऱ्याकडून आणखी काय अपेक्षा करणार! कोकण रेल्वे त्याच सह्याद्रीच्या कुशीतून जाते, तीच माती आणि तोच पाऊस. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ गाडी दरडीवर आदळली आणि पन्नासवर प्रवासी मेले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांमुळे पुलावरून खाली गेली. त्यानंतर रेल्वेने डोंगराला नोटीस काढली नाही, प्रवाशांनाही ‘आपापल्या जबाबदारीवर बसा’ असं सांगितलं नाही. कापलेले उतार कमी केले, जाळ्या बसवल्या. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाड्यांना वेगळं पावसाळी वेळापत्रक लागू केलं. मुसळधार पावसात वेग ताशी ४० किलोमीटरवर आणण्याचा नियम झाला. मोक्याच्या कटिंगपाशी चोवीस तास माणूस उभा केला, रुळावरून गस्त सुरू ठेवली आणि माणगाव, चिपळूण, रत्नागिरीसारख्या स्थानकांवर आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापकं बसवली. दगड आजही पडतात, गाड्या तासन्‌तास अडकतात, आपण प्रवासी म्हणून बोटंही मोडतो. पण दगड पडून पन्नास माणसं जाण्याची वेळ त्या मार्गावर पुन्हा आलेली नाही. दरड नेमकी कधी कोसळेल हे रेल्वेलाही कळत नाही. तिने त्या अज्ञानाभोवती शिस्त उभी केली, एवढंच. वाडीसाठी मला जे मागायचं आहे ते एवढंच आहे.

वाडीचं पावसाळी वेळापत्रक म्हणजे तीन गोष्टी. पहिली, पावसाचा आकडा. इतके दिवस सलग इतका पाऊस झाला की त्या रात्री वाडीत कोणी झोपायचं नाही, हे आधी ठरलेलं असावं. कोणा साहेबाच्या निर्णयाची वाट पाहावी लागू नये. दुसरी, जागा. खालच्या गावातली शाळा, मंगल कार्यालय किंवा कायमची बांधलेली शेड, जिथे जनावरांनाही छप्पर आहे आणि शिधा जूनमध्येच भरून ठेवला आहे. तिसरी, माणूस. रेल्वेच्या गस्तवाल्यासारखा पगारी आणि त्याच वाडीतला. जमिनीला पडलेली नवी भेग, कललेलं झाड, अचानक गढूळ झालेला किंवा नव्याने फुटलेला झरा, घट्ट बसू लागलेलं दार, हे त्याने रोज बघायचं आणि वाडी रिकामी करण्याचा अधिकार त्याच्या हातात द्यायचा. माळीण गाडलं गेल्याची खबर बाहेर नेली ती एसटीच्या चालकाने. रोजच्या फेरीला तो आला आणि गावच जागेवर नव्हतं. राज्याची सूचना यंत्रणा तेव्हा एसटीच्या वेळापत्रकावर चालली होती. बिचाऱ्या एसटीवर आपण आणखी किती भार टाकायचा?

‘पावसाच्या आकड्यावर सरकार असं कसं चालेल?’ असं कोणी म्हणेल. नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला विचारा. एका महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, आणि त्या आकड्यावर पंचनामे आणि अनुदान अडतं किंवा सुटतं, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्यासाठी महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. म्हणजे पावसाच्या आकड्याला शासननिर्णय जोडण्याची कला या राज्याला उत्तम अवगत आहे. फरक इतकाच की आज हा आकडा पीक गेल्यावर उपयोगी पडतो. माणूस जाण्याआधी तो वापरायला कायद्याची आडकाठी नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ पासून आहे आणि जिल्ह्याचं प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्याच्याच अध्यक्षतेखाली चालतं. मंडळाचं केंद्र वाडीपासून कोसभर लांब असतं आणि घाटात कोसभरावर पाऊस बदलतो, ही अडचण खरी आहे. पण एका वाडीला एक पर्जन्यमापक आणि ते वाचणारा एक माणूस, हा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पात शोधूनही दिसणार नाही. इर्शाळवाडीच्या मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख जाहीर करताना तिजोरीने का-कू केली नव्हती.

सर्वांत जोरात मांडला जाणारा आक्षेप असा: लोक हलतच नाहीत. हे अर्धसत्य आहे. ओडिशातही पूर्वी लोक हलत नसत, १९९९ च्या चक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं मेली. २०१३ मध्ये फायलीन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसं हलली आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. चौदा वर्षांत ओडिशातल्या माणसाचा स्वभाव बदलला नव्हता. पक्के निवारे झाले होते, गावोगावी स्वयंसेवक होते आणि दरवर्षी तालीम होत होती. जिथे जायचं तिथे छत आहे, ताटात अन्न आहे आणि मागे राहिलेल्या शेळीचं कोणी बघेल, हे कळलं की माणूस हलतो. नुसत्या नोटिशीने आपण तरी घर सोडू का? यालाच जोडून दुसरा आक्षेप येतो: दहा वेळा हलवलं आणि काहीच झालं नाही, तर अकराव्या वेळी कोण ऐकेल? म्हणूनच हलण्याची मजुरी द्यावी. चार रात्री खालच्या गावात काढल्या तर चार दिवसांचा रोज आणि जनावरांचा चारा. कोकण रेल्वे दरवर्षी चार-पाच महिने हळू धावते आणि बहुतेक दिवस काहीच होत नाही. म्हणून तो वेळ वाया गेला असं कोणी म्हणत नाही.

तिसरा आक्षेप विचारी माणसांचा आहे. ही सगळी मलमपट्टी झाली, खरा उपाय कायमचं पुनर्वसन आणि डोंगर न खणणं, असं ते म्हणतात. दुसरं म्हणणं तर मान्यच. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ पासून सरकारदरबारी आहे. तेव्हा तो कोकणात आणि केरळात नकोसा झाला. पुढे ३० जुलै २०२४ ला, माळीणला बरोबर दहा वर्षं होत असताना, वायनाडमध्ये मुंडक्काई आणि चूरलमला वाहून गेली तेव्हा सर्वांना त्याची आठवण झाली. कायमच्या पुनर्वसनाबद्दल मात्र किल्लारीकडे पाहून बोलावं. जागतिक बँकेच्या साहाय्याने बावन्न गावं नव्या जागी उभी राहिली, आणि घरं भक्कम झाली याचं श्रेय द्यायलाच हवं. पण चौकटीत आखलेल्या त्या वसाहतींमधून शेत लांब गेलं, गोठ्याला जागा उरली नाही, वाडा मोडला. एवढा पैसा आणि एवढं लक्ष सारखं मिळत नाही. माळीणचं नवं गाव आमडेला उभं राहिलं आणि २०१७ च्या पहिल्याच पावसात तिथे रस्ते खचले, भेगा पडल्या. तळियेच्या लोकांनी कंटेनरमध्ये पावसाळे काढले. पुनर्वसन व्हावं, पण ते होईपर्यंत दरवर्षी जून येतोच. हाँगकाँगमध्ये १९७२ च्या एका दिवसात दरडींनी १३८ माणसं मारली. त्यांनी शहर उठवलं नाही. १९७७ मध्ये उतारांसाठी वेगळं कार्यालय काढलं, माणसाने कापलेल्या हजारो उतारांना क्रमांक दिले आणि प्रत्येक क्रमांकापुढे त्याची निगा कोणी राखायची तेही लिहिलं. आपल्या यादीत गावाचं नाव असतं, जबाबदार माणसाचं नसतं.

हे सगळं घाटापुरतं आहे असं समजू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये ढगफुटीसारख्या पावसाने मुखेड तालुक्यात (मुखेड, आमचं मुदखेड नव्हे) हसनाळ आणि रावणगाव रात्रीतून पाण्यात गेली, माणसं बुडाली आणि लष्कराला बोलवावं लागलं. तिथे डोंगर नव्हता, पण आकडा, जागा आणि माणूस आधी ठरलेला नसणं तेच होतं. १ मेची ग्रामसभा पावसाळ्याच्या बरोबर महिनाभर आधी येते. तिच्यात झेंडावंदनानंतरची भाषणं थोडी आवरती घ्यावीत आणि या तीनच गोष्टी वाचून दाखवाव्यात: किती पावसाला गाव सोडायचं, कुठे जायचं आणि कोणाच्या शब्दावर जायचं. ग्रामसेवकाकडे उत्तर नसेल तर तो प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या. ‘प्रशासन जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य जर कागदावर येऊ शकतं, तर जबाबदार कोण राहील त्याचं नावही त्याच कागदावर आलं पाहिजे.