आधी थांबता आलं पाहिजे

बाईक नवी असो की सेकंड हँड, हातात आली की पहिला खर्च कशावर होतो? सायलेन्सर, एलईडी, स्टिकर. आणि ब्रेक? ‘लागतायत ना, मग चालू दे!’ गाडी किती पळते हे कट्ट्यावर सगळे सांगतात. किती मीटरमध्ये थांबते, हे कुणीच विचारत नाही.

जरा फिजिक्स आठवा. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणजे ३०च्या ऐवजी ६०ने जाताना ब्रेक मारला, तर गाडी थांबायला साधारण चौपट अंतर लागतं. शिवाय ६०च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. पुढची रिक्षा अचानक थांबल्याचं कळून बोटं लिव्हरवर जाईपर्यंतच बरंच अंतर संपलेलं असतं.

म्हणून ब्रेक अपग्रेड करायचाच, पण क्रमाने. आधी टायर बघा. नक्षी झिजलेली असेल तर महागडा ब्रेकही ओल्या रस्त्यावर काही करू शकत नाही. मग चांगल्या प्रतीचे ब्रेक पॅड, ड्रम असेल तर लायनर. त्यानंतर ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ते तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर दाबूनही गाडी थांबत नाही. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला, लाइनमधली हवा काढून घ्या. डॉट ३ की डॉट ४, ते टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरा.

ड्रम काढून डिस्क बसवायचा मोह होतो. पण ते नुसती डिस्क लावून भागत नाही; हब, फोर्क सगळंच बदलावं लागू शकतं. आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, इन्शुरन्सचा क्लेमही अडकू शकतो. सेकंड हँड गाडी घेत असाल, तर एबीएस आहे का ते आधीच बघा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या बाईकला ते सक्तीचं आहे.

आणि सगळ्यात स्वस्त अपग्रेड? आपली सवय. ‘पुढचा ब्रेक मारू नकोस, उलटशील’ हे ऐकतच आपण गाडी शिकलो. खरं तर ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं जास्त काम तेच करतं. उलटतो तो हँडल वळलेलं असताना किंवा वाळूवर पुढचा ब्रेक करकचून आवळणारा. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात, हेल्मेट घालून, दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवत लावून बघा. दहा-बारा वेळा केलं की हाताला कळायला लागतं.

पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकला एवढंच म्हणा, ‘दादा, पॅड काढून दाखवा.’ किती उरलेत ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सायलेन्सरचं मग बघू.