मोफत साहित्य, छोटा वर्ग

गोव्यात पेडणे आणि डिचोलीतल्या प्राथमिक शाळांत मराठी शिकणारी आणि घरी कोकणी बोलणारी मुले शेजारी बसतात. तुयेसारख्या गावात पट कमी असला, की एकाच शिक्षकाला दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळाव्या लागतात. इंटरनेटवरचे मोफत साहित्य खरे उपयोगी पडते ते अशाच वर्गात. म्हणून हा अंक त्यावर.

आमच्या मते सर्वांत कामाचे ‘स्टोरीवीव्हर’, ‘प्रथम बुक्स’ने २०१५मध्ये सुरू केलेले गोष्टींचे संकेतस्थळ. गोष्टी चार वाचनपातळ्यांत, मराठीत आणि कोकणीतही. तिसरीतले मूल अडखळत असेल तर त्याला पहिल्या पातळीची गोष्ट देता येते. पाठ्यपुस्तकात ही सोय नसते. परवाना खुला असल्याने गोष्ट उतरवून छापता येते, शिक्षकाला तिचे भाषांतरही करता येते. २०१७पासूनच्या ‘दीक्षा’ या सरकारी मंचावर पुस्तकातला क्यूआर कोड टिपला की पाठ उघडतो, पण त्यातले काही व्हिडिओ म्हणजे फळ्यापुढचे भाषणच. विज्ञान-खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तके आहेत, शिवाय काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून त्रिकोण, घन करण्याची कृतीही. तिथे पडदा बंद करून हात चालवायचे असतात, हे विशेष.

रेंजचा भरवसा नसेल तर साहित्य आधीच पेनड्राइव्हवर घ्यावे. पुढील पानांवर प्रत्येक साधनाचा इयत्तावार आढावा आहे. वर्गात काय चालले, काय फसले, ते शिक्षकांनी आणि पालकांनी आम्हाला कळवावे. निवडक पत्रे पुढच्या अंकात छापू.