आर्जव नसलेले प्रेमगीत

रॉक संगीत म्हणजे नुसता गोंगाट, असे मानणाऱ्यांनी ‘फेड इन्टू यू’ जरूर ऐकावे. कॅलिफोर्नियातील ‘मॅझी स्टार’ या बँडचे हे गाणे १९९३ मधील. चाल डेव्हिड रोबॅकची. शब्द आणि आवाज होप सँडोव्हालचा. आपल्या दादऱ्याची आठवण करून देणारी संथ लय, मोजक्या तीन कॉर्ड्‌स आणि हेलकावे घेत येणारी गिटार. आपले प्रेम समोरच्याला दिसतच नाही, हे यातल्या नायिकेला पुरते ठाऊक आहे. तरी ती रडत नाही, विनवत नाही. आवाज एकदाही चढत नाही आणि म्हणूनच तिचे दुःख थेट काळजाला भिडते. २०२० मध्ये रोबॅकचे निधन झाले. एकतर्फी प्रेमाला त्याने दिलेली ही चाल मात्र आजही तितकीच ताजी वाटते.