अंगण आपले, पाणी सर्वांचे

बासरच्या सरस्वतीपुढे मुलांचा अक्षरारंभ करण्यासाठी जाणाऱ्या आपल्याकडील कुटुंबांना निर्मल हे नाव अपरिचित नाही. लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेले हे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. ११ ऑक्टोबर २०१६ पासून ते तेलंगणातील स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. नांदेडला लागून असलेल्या या जिल्ह्यातील भैंसा, मुधोळ या भागांत मराठी आजही घराघरांतून बोलली जाते. अशा या गावाने ऑगस्ट २०२३ मध्ये एका नकाशावरून रान उठविले. नगरपालिकेच्या नव्या बृहद् आराखड्यात आपल्या शेतजमिनी औद्योगिक विभागात ढकलल्या जात आहेत, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. मोर्चे निघाले, भाजपचे नेते अल्लेटी महेश्वर रेड्डी बेमुदत उपोषणास बसले, पोलिसांशी झटापटी झाल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत कामारेड्डी आणि जगतियाल या तेलंगणातल्याच दोन नगरपालिकांना अशाच प्रक्षोभापुढे नमून आपले आराखडे मागे घेण्याचे ठराव करावे लागले होते.

गोमंतकीय वाचकाला ही आपलीच कहाणी कोणी तेलुगूतून सांगत आहे असे वाटले, तर त्यात नवल नाही. ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झालेला ‘प्रादेशिक आराखडा २०११’ जनतेच्या रेट्यामुळे जानेवारी २००७ मध्ये सरकारला रद्द करावा लागला. पुढे २०२३ मध्ये १९७४ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्यात १७(२) हे पोटकलम घालण्यात आले. आराखड्यात नजरचुकीने राहिलेल्या चुका सुधारणे हा त्याचा सांगितलेला हेतू. परंतु चूक कोणाची, ती कोणी हेरली आणि सुधारली कोणासाठी, हे शेजारच्या शेतकऱ्याला कळण्याची सोय त्यात नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १३ मार्च २०२५ रोजी त्या पोटकलमाची व्याप्ती संकुचित केली आणि त्याखाली केलेले नियम रद्दबातल ठरविले. नकाशावरचा रंग बदलला की माणसाचे नशीब बदलते, हे निर्मलच्या शेतकऱ्याला जसे उमगले, तसे ते आपल्यालाही पुरते उमगले आहे.

परंतु आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या मोठ्या रंगांविषयी नव्हे. शेतीचा विभाग एकदा वस्तीचा झाला की त्या जमिनीवर काय होते, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. घराभोवती किती जागा मोकळी ठेवावी, कुंपण किती उंच घालावे, अंगणात पोहण्याचा तलाव खणावा काय, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. ज्याची जमीन त्याचे अंगण, त्यात सरकारने आणि शेजाऱ्याने नाक कशाला खुपसावे, असा प्रश्न सुशिक्षित माणसेही करतात. हा समज जितका सोयीचा, तितकाच तो चुकीचा आहे.

प्रथम अंगणाचाच विचार करू. नगररचनेच्या भाषेत त्याला ‘सामासिक अंतर’ असे रुक्ष नाव आहे. घर आणि हद्द यांमध्ये सोडलेली ही पट्टी मालकीने खासगी असली, तरी तिचे काम सार्वजनिक आहे. तिच्यावाटे शेजारच्या घरात उजेड आणि वारा जातो. आग लागली तर बंब तेथूनच आत शिरतो. आणि पावसाचे पाणी तेथेच जमिनीत मुरते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे शंभर चौरस मीटरांच्या अंगणावर एका पावसाळ्यात जवळजवळ तीन लाख लिटर पाणी उतरते. त्या अंगणात माती असेल, तर यातला मोठा वाटा विहिरीला मिळतो. तेथे फरशी ठोकली की तेच पाणी रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात आणि गटारातून खालच्या अंगाच्या घरात शिरते. निर्मलच्या जी. एन. आर. कॉलनीत जुलै २०२१ मध्ये पुराचे पाणी घुसले आणि लोकांना घराबाहेर काढावे लागले. घरे बांधताना पाण्याची वाट विसरली, तर पाणी आपली वाट विसरत नाही, हा धडा त्या वस्तीने दिला. तेलंगणाच्या बांधकाम नियमांत दहा हेक्टर वा त्याहून मोठ्या तळ्याभोवती तीस मीटर आणि लहान तळ्याभोवती नऊ मीटर जागा सोडण्याचे बंधन आहे. नियम कागदावर असतो. तळे मात्र जमिनीवर असते. दोहोंची गाठ घालून देणारा अधिकारी आणि त्याला जाब विचारणारा नागरिक नसेल, तर त्या तीस मीटरांना अर्थ राहत नाही.

अंगणाला आपल्या कायद्याने आणखीही एक अर्थ दिला आहे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराचे ‘राहते घर’ म्हणजे केवळ चार भिंती असे मानले नाही. पंचायत क्षेत्रात घराच्या बाहेरच्या भिंतीपासून किमान पाच मीटर आणि अन्यत्र किमान दोन मीटर जागा ही त्या घराचाच भाग होय, असे त्यात म्हटले आहे. तुळशीवृंदावनाला, वाळवणाला, चार माडांना आणि रांगत्या पोराला जागा नसेल, तर ते घरच नव्हे, ही आपल्या समाजाची जाणीव त्या कायद्याने शब्दांत बांधली. ज्या गोव्याने गरिबाच्या अंगणाला कायद्याचे कवच दिले, त्या गोव्याने श्रीमंताच्या अंगणाला शिस्त लावण्यास कचरावे, हे विसंगत नव्हे काय?

आता कुंपणाकडे वळू. कोकणात आणि गोव्यात कुंपण नव्हते असे नाही. चिऱ्यांचा गडगा होता, काट्यांची वई होती, निवडुंगाच्या रांगा होत्या. परंतु ती कुंपणे गुरांना अडविण्यासाठी असत, माणसांना नव्हे. गडग्याला पायरी असे, वईला सांद असे आणि पाणंद सर्वांची असे. आजची दोन-अडीच पुरुष उंचीची पक्की भिंत वेगळ्या जातीची आहे. राष्ट्रीय इमारत संहितेने रस्त्याच्या बाजूस भिंतीची उंची सामान्यतः दीड मीटर धरली आहे, २.४ मीटरपर्यंत जावयाचे असेल, तर वरचे नव्वद सेंटिमीटर जाळीचे असावे, असा तिचा आग्रह आहे. कोपऱ्यावरच्या जागेत तर भिंत पाऊण मीटरवर थांबवावी आणि वर गज लावावेत, म्हणजे वळणावर येणारी गाडी दिसेल, असे ती सांगते. या एका तरतुदीत नियोजनशास्त्राचे सार सामावलेले आहे. भिंत तुमची असेल. परंतु तिच्या पलीकडून शाळेला जाणारे मूल तुमचे एकट्याचे नसते.

किनाऱ्यावर तर हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने खासगी मालमत्तेभोवती झाडांचे वा झाडोऱ्याने झाकलेले काटेरी तारांचे कुंपण घालण्यास मुभा दिली. परंतु त्याने किनाऱ्यावर जाण्याची लोकांची वाट कोणत्याही प्रकारे अडता कामा नये, ही अट घातली. दोन हॉटेलांच्या वा विश्रामधामांच्या मध्ये वीस मीटर रुंदीची वाट सोडावी, असेही तिने बजावले. ज्या रापणकाराचा आजा त्या वाटेने होडी ओढून नेत असे, त्याच्या नातवाला आज पहारेकऱ्याची परवानगी मागावी लागत असेल, तर अधिसूचना कोणासाठी काढली होती, हा प्रश्न विचारावाच लागेल.

तिसरा विषय पोहण्याच्या तलावाचा. आम्हांला पोहण्याचे वावडे नाही. तळ्यात आणि नदीत पोहायला शिकलेल्या पिढीने तसे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण हिशेब करून पाहावा. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा साधा तलाव घेतला, तर त्यात अठ्ठेचाळीस हजार लिटर पाणी मावते. शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण माणशी दररोज १३५ लिटर धरले जाते. त्या हिशेबाने पाच माणसांच्या कुटुंबाला हेच पाणी सत्तर दिवस पुरेल. उन्हाने दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तरी रोज एकशे साठ लिटरांची भर घालावी लागते. म्हणजे एका माणसाच्या वाट्याहून अधिक पाणी रोज आकाशात जाते. एखाद्या वाड्यावर असा एक तलाव असेल, तर विहिरीला ते जाणवणार नाही. टेकडीच्या एका उतारावर असे तीस तलाव झाले आणि पायथ्याच्या वाड्यावर एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या बायका घागरी घेऊन उभ्या राहिल्या, तर तो पोहण्याच्या हौसेचा प्रश्न राहत नाही. तो न्यायाचा प्रश्न होतो. गोव्याला २००२ पासून भूजल नियमनाचा कायदा आहे. विहीर खोदणे आणि टँकरने पाणी वाहणे त्याच्या कक्षेत येते. बांधकामाचा परवाना देणारा आणि भूजलाचा हिशेब ठेवणारा यांनी एकमेकांचे कागद पाहिले पाहिजेत, एवढी साधी अपेक्षा आहे.

आणि प्रश्न केवळ पाण्याचाही नाही. विहिरीला कठडा असावा, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. उघड्या कूपनलिकांत मुले पडू लागली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये खोदकामाभोवती काटेरी तारेचे कुंपण घालण्याचे निर्देश दिले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात १९९२ पासून खासगी तलावांसाठी स्वतंत्र कायदा आहे. तेथे तलावाभोवती किमान १.२ मीटर उंचीचा अडसर आणि आपोआप मिटणारे फाटक लागते. फ्रान्सनेही २००३ मध्ये खासगी तलावांवर सुरक्षेची साधने बंधनकारक केली. आपल्याकडे मात्र रस्त्याकडील भिंत दोन पुरुष उंच आणि आतला तलाव उघडा, असा उफराटा प्रकार दिसतो. जेथे कुंपण माणसाला अडविते, तेथे ते आहे. जेथे ते लेकराला वाचविते, तेथे ते नाही.

मग उपाय काय? आणखी नियम करा, असे म्हणणे सोपे आहे. परंतु नियमांची संख्या वाढली की त्यांचा भार प्रथम गरिबावर पडतो, हा आपला अनुभव आहे. ज्याच्याकडे वास्तुविशारद आणि वकील आहे, तो नियमांतून वाट काढतो. ज्याला पावसाळ्यापूर्वी गळकी कौले बदलावयाची आहेत, तो खेटे घालतो. या बाबतीत तेलंगणाने २०२० मध्ये केलेला प्रयोग विचारात घेण्यासारखा आहे. ज्याचा भूखंड पंचाहत्तर चौरस वारांच्या आत, त्याला एक रुपया भरून नोंदणी करता येईल, परवान्याची गरज नाही. त्यावर सहाशे चौरस वारांपर्यंत मालकाने स्वतः प्रतिज्ञापत्र द्यावे आणि मान्यता तत्काळ घ्यावी. त्याहून मोठ्या बांधकामाची मात्र खात्याने छाननी करावी. प्रतिज्ञापत्र खोटे ठरले, तर नोटिशीवाचून पाडकाम करण्याचा अधिकारही त्या कायद्याने राखून ठेवला. नोटिशीवाचून पाडण्याची ही तरतूद आम्हांला मान्य नाही. ज्यांनी सत्तेचा जाच पाहिला आहे, त्यांना सुनावणीचे मोल ठाऊक असते. पण लहानावर विश्वास आणि मोठ्याची तपासणी, हे त्यामागील सूत्र योग्य आहे. आपल्याकडे नेमके उलट चालते.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. राहत्या घराच्या दुरुस्तीला आणि लहान अंगणाला पंचायतीने मोकळीक द्यावी. पण ठरावीक मापापेक्षा मोठा तलाव बांधावयाचा असेल, तर पाणी कोठून आणणार, उन्हाळ्यात काय करणार आणि तलाव रिकामा करताना ते कोठे सोडणार, याचे लेखी उत्तर अर्जासोबत असावे आणि ते ग्रामसभेपुढे वाचले जावे. सामासिक अंतरातील निम्मी तरी जागा मातीची असावी. भिंतीने जुनी पाणंद वा किनाऱ्याची वाट बुजणार नाही, याची पाहणी पंचायतीने जागेवर जाऊन करावी. १९९४ च्या पंचायत राज कायद्याने बांधकाम परवान्याचा अधिकार पंचायतीला दिलाच आहे. तो केवळ शिक्का मारण्यापुरता नाही, हे पंचांनी दाखवून द्यावे. आणि विभाग बदलण्याचा प्रत्येक प्रस्ताव गावच्या भाषेत, गावच्या फलकावर लागावा. २०२४ मध्ये आणलेल्या ३९-अ कलमात सूचना देण्यास तीस दिवसांची मुदत ठेवण्यात आली. परंतु राजपत्र न वाचणाऱ्या शेतकऱ्याला ते तीस दिवस कधी सुरू झाले आणि कधी संपले, हे कळत नसेल तर ती मुदत नावापुरतीच राहते.

निर्मलचे शेतकरी रस्त्यावर उतरले ते नकाशा तयार होऊन पुढे आल्यानंतर. आपणही नेहमी उशिराच जागे होतो. प्रथम डोंगर कापला जातो, मग आंदोलन होते, मग न्यायालय. यापेक्षा अंगणाएवढ्या लहान गोष्टीपासून दक्षता सुरू करणे शहाणपणाचे नव्हे काय? ग्रामसभा रविवारी भरते. तेथे चार रिकाम्या खुर्च्यांपुढे ठराव मंजूर होतात आणि त्याच ठरावांवर पुढची तीस वर्षे आपल्या विहिरींचे पाणी अवलंबून राहते. त्या खुर्च्या भरणे कोणत्याही सरकारच्या परवानगीवर अवलंबून नाही.