हेल्मेट घ्या, पण पोराला आधी खाली उतरवा



या वेळच्या जिल्हा बैठकीपुढे एक वेगळाच विषय आला आहे. कापसाचा नाही, ज्वारीचा नाही, वीजबिलाचाही नाही. आपल्या भागातून पोटासाठी गेलेले काही जण अंबरनाथला मोरिवलीच्या कारखान्यांत काम करतात. त्यांनी निरोप पाठवला आहे की, जत्रेच्या शर्यतीत घोडीवर बसणाऱ्या लहान मुलांसाठी आम्ही हेल्मेट गोळा करून देतो, ती तुम्ही वाटा. कारखान्याच्या फाटकातून आम्हाला हेल्मेटशिवाय आत सोडत नाहीत, आणि जत्रेत दहा-बारा वर्षांचे पोर उघड्या डोक्याने घोडी उधळते हे बघवत नाही, असे त्यांचे म्हणणे.

निरोप मनापासून आलेला आहे. स्वतः पाळीवर राबणारी माणसे दुसऱ्याच्या पोरासाठी पदरमोड करायला निघाली, याचे मोल आम्ही जाणतो. तरीसुद्धा 'आभारी आहोत, पाठवा' असे उत्तर लगेच देऊ नये, असे आमचे मत आहे. का, ते सांगतो.

आपल्याकडे वऱ्हाडात पट म्हणजे शंकरपट. दोन बैल, एक छकडा आणि त्यावर धुरकरी. तळेगाव दशासरचा पट ज्यांनी पाहिला त्यांना वेगळे सांगायला नको. पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या बाजूला रीत निराळी. तिथे गाड्याला चार बैल, पुढची जोडी जुकाटाची, मागची धुरीची, आणि सगळ्यांच्या पुढे घोडी. घोडी पुढे निघाली की बैल तिच्या मागे जीव तोडून धावतात. निकाल सेकंदांवर, त्यातही सेकंदाच्या तुकड्यांवर. नगर-नाशिककडे टांग्याला एका बाजूने घोडा आणि दुसऱ्या बाजूने बैल जुंपतात. खानदेशात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. चाली निरनिराळ्या, पण हिशेब एकच. जनावराच्या पाठीवर किंवा गाडीवर वजन जितके कमी तितका वेळ कमी. म्हणून घोडीवर पोर. आपल्या पटातही धुरकरी मिसरूड न फुटलेला दिसला, तर त्याचे कारण तेच. पोराची हौस असते हे खोटे नाही, पण मालकाला हवे असते ते त्याचे कमी वजन.

आता हेल्मेटचे बघू. कारखान्यात मिळते ते पिवळे किंवा निळे हेल्मेट डोक्यावर वरून काही पडले तर मार झेलण्यासाठी असते. आत पट्ट्यांची जाळी असते, ती वरून आलेला दणका पसरवते. घोडीवरून पडणारा मुलगा कुशीवर पडतो, पाठीवर पडतो, तोंडावर पडतो. तेव्हा हे हेल्मेट जमिनीला लागण्याआधीच डोक्यावरून निघून जाते. मोटारसायकलचे हेल्मेट त्याहून बरे, पण मोठ्या माणसाच्या मापाचे ते वजनदार टोपले दहा वर्षांच्या मानेवर चढवले तर झोकांडीत मानेलाच हिसका बसेल. घोडेस्वारीचे हेल्मेट वेगळे बनते. वजन साधारण अर्धा किलो, आत फेसाचा जाड थर, हनुवटीखाली घट्ट बसणारा पट्टा. डोके आदळले की तो थर दबतो आणि मार खाऊन टाकतो. पण एकदा दबला की त्याचे काम संपले. बाहेरून हेल्मेट नव्यासारखे दिसते, आतून ते मेलेले असते. म्हणून कोणी वापरून दान केलेले हेल्मेट घ्यायचेच नाही. ते पूर्वी कुठे आपटले होते हे सांगणार कोण?

मोरिवलीच्या मित्रांना आम्ही एवढेच कळवले आहे की जुने नको, कारखान्याचे नको. द्यायचेच असेल तर घोडेस्वारीचे, नवे, आणि प्रत्येक डोक्याचे माप भुवईच्या वर फीत धरून घेतल्यावरच.

पण एवढे झाले तरी पुरे होत नाही. घोडीवर बसलेल्या पोराचे डोके जमिनीपासून दोन मीटरवर असते. तेवढ्या उंचीवरून नुसते पडले तरी डोके ताशी बावीस किलोमीटरच्या वेगाने आदळते, आणि घोडीच्या धावण्याचा वेग त्याशिवाय वेगळा. हेल्मेटने कवटी वाचू शकते. मान, पाठीचा कणा, बरगड्या, पोट यांना त्याचा काही उपयोग नाही. आणि पाठीमागून चार बैल आणि गाडा येतोय, त्याला तर मुळीच नाही.

इथे आम्हाला यवतमाळ आठवते. २०१७ च्या खरिपात कपाशी डोक्याएवढी वाढली होती, बोंडअळीने धुमाकूळ घातला होता, आणि फवारणी करताना विषबाधा होऊन त्या एका जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात गेले. मग काय झाले? मास्क, हातमोजे, चष्मे यांची किट आली. वाटप झाले, फोटो निघाले. ज्यांनी भर उन्हात, दमट वाफ कोंडलेल्या कपाशीत शिरून एकदा तरी पंप पाठीवर घेतला आहे, त्यांना विचारा की ते किट किती मिनिटे अंगावर राहते. पण किट दिल्यावर बोलण्याचा सूर बदलला. पूर्वी विचारत होते, असले विष बाजारात आले कसे, ही मिश्रणे करायला सांगितली कोणी. नंतर विचारू लागले, किट का घातले नाही. दोष औषधावरून घसरला आणि फवारणाऱ्याच्या नाकाडोळ्यांवर येऊन बसला.

आम्ही शेतीशास्त्र शिकलो तेव्हा या बाबतीतला एक नियम कधीच शिकवला गेला नाही, तो पुढे चळवळीत येऊन कळला. जागतिक अन्न व कृषी संघटनेची कीटकनाशकांबद्दलची आचारसंहिता १९८५ सालची आहे. ती म्हणते, जे औषध वापरायला त्रासदायक किंवा महागडी संरक्षक साधने लागतात, ते उष्ण मुलखातल्या लहान शेतकऱ्याच्या हातात देऊच नये. म्हणजे आधी धोका काढा. काढता आलाच नाही तर मग अंगावर काय घालायचे ते बघा. शर्यतीला हाच नियम लावा. आज हेल्मेट वाटली, उद्या एखादे पोर पडले, तर आयोजक काय म्हणेल? 'आम्ही हेल्मेट दिले होते, पट्टा त्यानेच लावला नव्हता.' दहा वर्षांच्या मुलावर पट्ट्याची जबाबदारी टाकून मोठी माणसे मोकळी होतील. दानाच्या हेल्मेटची आम्हाला वाटणारी मोठी भीती हीच.

आणि दान कशासाठी? शर्यतीत पैसा नाही असे कोणी म्हणू नये. २०२२ च्या उन्हाळ्यात पिंपरी-चिंचवडकडे झालेल्या एका शर्यतीत पहिले बक्षीस जेसीबी होते, खाली चारचाकी, ट्रॅक्टर आणि मोटारसायकलींची रांग. त्याच वर्षी नोव्हेंबरात अंबरनाथच्या औद्योगिक भागात शर्यतीच्या वैरातून गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या खेळावर एवढे लागलेले असते, तिथे बक्षिसाला जेसीबी आणि पोराच्या डोक्याला कामगारांची वर्गणी, हे आम्हाला पटत नाही. हेल्मेट, अंगरखा, विमा, मैदानावर डॉक्टर आणि रुग्णवाहिका हा शर्यतीचा खर्च आहे. बैलाच्या खुराकाचा खर्च मालक दान मागून करत नाही.

कायदा काय म्हणतो तेही बघा. बैलांच्या शर्यतीवर २०११ पासून वाद चालला. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला शर्यती पुन्हा सुरू झाल्या, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. बारा वर्षे खटला चालला. त्यात बैलाला टोचायचे नाही, मारायचे नाही, याची चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. त्या कायद्याचे नावच प्राणिक्लेश प्रतिबंधक. पण गावोगावच्या सभांत, मोर्चांत, आणि आम्हीही त्यात होतो, 'आमचा बैल, आमची परंपरा' एवढेच बोललो गेलो. घोडीवरच्या पोराचे वय त्या बोलण्यात आले नाही.

मुलाबद्दल कायदा वेगळा आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामाला लावायला बंदी आली. घरच्या बिनधोक उद्योगात शाळा सुटल्यावर मदत चालते. सिनेमा, जाहिरात, करमणूक आणि खेळ यांना सवलत आहे, सर्कशीला नाही. पण सवलत मोकाट नाही. २०१७ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांहून जास्त नाही, सलग सत्तावीस दिवसांहून जास्त नाही, मुलाची संमती हवी, आणि त्याच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग बँकेत त्याच्या नावे ठेवायचा. आता सांगा, घोडीवर बसणारे पोर खेळाडू आहे की कामगार? खेळाडू म्हणत असाल तर हे कागद दाखवा. कामगार म्हणत असाल तर तो गुन्हा आहे. 'नुसती हौस' म्हणत असाल तर जिंकल्यावर त्याच्या हातात पडणारी नोट कसली? शर्यतीची परवानगीसुद्धा जिल्हाधिकारीच देतात. दोन्ही कागद एकाच कार्यालयातले आहेत. एका कागदाबरोबर दुसरा मागा, एवढे सांगायला मोर्चा काढावा लागू नये.

काही जण म्हणतील, मुले काढली की शर्यत मरेल. अरबस्तानाकडे बघा. तिकडे उंटांच्या शर्यतीत पाकिस्तान, बांगलादेश, सुदान इथली गरिबांची लेकरे बसवत. संयुक्त अरब अमिरातीने २००२ मध्ये पंधरा वर्षांखालच्या आणि पंचेचाळीस किलोंखालच्या मुलांना बंदी केली, ती कागदावरच राहिली. २००५ मध्ये अठरा वर्षांखाली कोणीच नाही असा कायदा केला, हजाराहून जास्त मुले युनिसेफच्या मदतीने मायदेशी पाठवली, आणि उंटाच्या पाठीवर छोटे यंत्र बांधले. शर्यती आजही होतात. उलट मंगोलियात नादामच्या उत्सवात मुलेच घोडे पळवतात. कायद्याने किमान वय सात वर्षे, हेल्मेट आणि विमा सक्तीचा. हेल्मेटपाशी थांबले की सात वर्षांचे पोर घोड्यावर राहते, ते असे.

पोर खाली उतरवायचे कसे, याचा उपाय पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर जुनाच आहे. तिथे स्वाराला शर्यतीआधी आणि नंतर काट्यावर तोलतात. ठरलेल्या वजनाहून तो हलका भरला तर खोगिरात शिशाचे तुकडे घालून भरती करतात. हलका असल्याचा फायदाच उरत नाही. आपल्या शर्यतीत असे ठरवा की घोडीवर स्वार आणि सामान मिळून पन्नास किलोंच्या खाली वजन नको, कमी पडेल तेवढी वाळूची पिशवी बांधा. मग पंचवीस किलोंच्या पोराला बसवून मालकाला काय मिळणार? अर्धे वजन पोराचे, अर्धे वाळूचे, आणि घोडी आवरायला ताकद मात्र पोराचीच. तो आपणहून मोठा स्वार आणेल. वयाचा दाखला खोटा आणता येतो, वजन खोटे आणता येत नाही.

आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जाईल, म्हणून आधीच बोलतो. आमची पोरे पोळ्याला बैलावर बसतात, वखरामागे फिरतात, तेव्हा कुठे हेल्मेट असते? खरे आहे. बैल चालत असतो, बाप कासरा धरून असतो, आणि पाच हजार माणसे आरडाओरडा करत नसतात, एवढा फरक आहे. पण कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेचे बाक रिकामे असतात, हे आम्ही विसरलेलो नाही. बोट आपल्याकडेही वळते. वळू द्या. भाव मिळत नाही म्हणून पोर रानात, हे आपण सरकारला ठणकावून सांगतो. घोडी सांभाळायला ठेवलेल्या पोराच्या घरचीही तीच गत असेल, तर त्याच्या बाजूने बोलणारे आपल्याशिवाय दुसरे कोण?

बैठकीत आम्ही पुढील ठराव मांडणार आहोत. ज्या शर्यतीत चौदा वर्षांखालचे पोर घोडीवर किंवा छकड्यावर असेल, त्या शर्यतीच्या व्यासपीठावर आपला कोणीही पदाधिकारी बसणार नाही, पाहुणा म्हणूनही नाही. आमच्या मते वयाची अट अठराच हवी. बैठकीत यावर वाद होईल, तो होऊ द्या. स्वाराचे हेल्मेट, विमा आणि डॉक्टर यांचा खर्च आयोजकाने बक्षिसाच्या रकमेतून आधी बाजूला काढायचा. मोरिवलीची हेल्मेट आली तर ती फक्त मोठ्या स्वारांना, तीही या अटी लेखी मान्य केल्यावर. प्रत्येक तालुक्याने पौषापासून चैत्रापर्यंतच्या आपल्या जत्रांची यादी आणावी, आणि शर्यत भरवणाऱ्या पंचमंडळींना बैठकीला बोलवावे. तोलायला काटा कुठून आणायचा, असे कोणी विचारील. कापूस मोजायचा काटा प्रत्येक गावात आहे. जत्रेच्या दिवशी तो मैदानावर न्यायचा.